कान कोणी टोचायचे?

शंकेखोर: ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण आपण सल्ल्याबद्दल वापरतो, पण तिच्या मुळाशी साधा व्यवहार आहे. कान टोचताना दुखतं, म्हणून ते काम हात बसलेल्या माणसानं करावं. हातानं दागिने करणाऱ्यांचे जे समूह आज फोनवर जमतात, त्यांत कान टोचणारं मला कुणी दिसत नाही. एखादी बाई पहिल्यांदाच तार वाकवून कानातलं करते, फोटो टाकते आणि पाच मिनिटांत ‘कमाल’, ‘फारच सुंदर’ आणि बदामांची रांग लागते. तारेचं टोक घासलेलं नाही, ते कानाला लागेल, हे शंभरातला एकही सांगत नाही. सोनाराच्या ऐरणीपाशी बसणाऱ्या पोराला अशी कौतुकं मिळत नव्हती. त्याला सकाळी सोनं तोलून मिळायचं आणि संध्याकाळी तोलून परत द्यावं लागायचं. दागिन्यात किती गेलं, कीस किती निघाला, घट किती आली, सगळ्याचा हिशेब व्हायचा. तो तराजूच त्याचा खरा मास्तर होता, कारण तराजूला मुरवत नसते. जिथे काहीच तोललं जात नाही, त्या जागेला तुम्ही आपुलकीचा समूह म्हणता. मला ती हळदीकुंकवाची बैठक वाटते. तिथे जाऊन मन प्रसन्न होतं हे कबूल, पण तिथून कारागीर घडून बाहेर पडत नाही.

हौशी: तराजूबद्दल तुम्ही बोललात ते खरं. पण त्या ऐरणीपाशी कोण बसू शकत होतं, तेही सांगा. सोनाराचा मुलगा, कासाराचा मुलगा, ओताऱ्याचा मुलगा. धंदा जातीनं वाटलेला आणि जातीच्या आतही पुरुषांच्या हाती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचं उदाहरण घ्या. चांदीच्या पैंजणांसाठी हे गाव देशभर ओळखलं जातं. आसपासच्या गावांतही हाच धंदा पसरलेला आहे. तिथे साखळ्या जोडणं, घुंगरू लावणं ही कामं बायका घरी बसून, मजुरीवर करत आल्या. म्हणजे हात त्यांचे होते, पण ऐरण, बाजार आणि नाव दुसऱ्याचं. तुमचा तराजू त्यांना चांदी तोलून देत होता, विद्या देत नव्हता. आज परभणीतली एखादी मुलगी किंवा दुबईत राहणारी एखादी मराठी बाई ठुशीचे बारीक मणी दाटीनं कसे ओवायचे, मागचा गोंडा सरकता कसा ठेवायचा, हे विचारते तेव्हा तिला ‘तू कोणाची?’ असं आधी कुणी विचारत नाही. आपुलकीचा पहिला अर्थ मी एवढाच घेते. कौतुक त्यानंतर येतं, आणि ते जरा जास्त झालं तर त्याचा दोष दार उघडण्यावर टाकू नका. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी ‘ये, बस’ म्हटलं नाही, त्यांना सुरुवातीला थोडी गोड भाषा लागते.

शंकेखोर: दार उघडलं, पण आत नेमकं काय शिकवलं जातं? बहुतेक ठिकाणी घडवणं शिकवलं जात नाही, ओवणं शिकवलं जातं. मणी, पदकं, हुक, साखळ्या हे सगळं राजकोटच्या किंवा मुंबईत मालाडच्या इमिटेशन बाजारातून तयार आणायचं, दोऱ्यात घालायचं आणि वर ‘हँडमेड’ लिहायचं. शब्दांची आणखी एक गंमत बघा. ज्याला सगळे ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणतात, त्यात ऑक्सिजनचा संबंध फारसा नसतो. चांदीवर गंधकाची प्रक्रिया करून जो काळा थर येतो तो सिल्व्हर सल्फाइडचा. आणि ज्या ‘जर्मन सिल्व्हर’वर हल्ली अर्धा बाजार चालतो त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. त्यातल्या निकेलनं अनेकांच्या कानाला खाज सुटते, चट्टे उठतात. एकमेकांना ‘ताई’, ‘मैत्रिणी’ म्हणणाऱ्या समूहात हे स्पष्ट सांगितलं जात नसेल, तर त्या नात्याचा उपयोग काय? आणि हा घोळ गावपातळीवरचाच आहे असं नाही. हस्तकलेच्या नावावर २००५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एट्सी या ऑनलाइन बाजारानं २०१३ मध्ये विक्रेत्यांना बाहेरच्या कारखानदाराकडून माल बनवून घ्यायची मुभा दिली. ‘हातानं केलेलं’ या शब्दाचा अर्थ एका धोरणाच्या कागदावर पातळ झाला.

हौशी: ओवणं आणि घडवणं यांत तुम्ही जी उच्चनीच लावता, ती आपल्याच परंपरेला मान्य नाही. पटवेकरी मणी कधी घडवत नव्हता. सोनाराकडून आलेले मणी रेशमी दोऱ्यात गाठवून देणं हेच त्याचं काम, आणि मंगळसूत्र किंवा बोरमाळ कशी गाठवली आहे यावर तिचं रूप आणि आयुष्य ठरायचं. कोल्हापुरी साज बघा. पारंपरिक साजाला एकवीस पानं मानतात. चंद्र, मासा, कमळ असे त्यांचे निरनिराळे आकार. पान घडवणारा वेगळा, गाठवणारा वेगळा. तरी त्या साजाला कुणी ‘जुळणी केलेला माल’ म्हटलं नाही. तेव्हा हस्तकलेची कसोटी ‘सगळं मीच केलं का’ अशी नसते. कुठला मणी कुठे, किती दाट, किती वजनाचा आणि का, हे कुणी ठरवलं, ही ती कसोटी आहे. फसव्या नावांचं म्हणाल तर ‘जर्मन सिल्व्हर’ हे नाव फोन यायच्या कितीतरी आधीचं, व्यापाराच्या वाटेनं आलेलं. उलट त्यात चांदी नसते हे आज हजारो बायकांना कळलंय ते अशाच गप्पांमधून, कुणीतरी ‘माझा कान का सुजला?’ असं विचारलं म्हणून. पेढीवर हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. तिथे विचारणारं एकटं असायचं आणि उत्तर देणाऱ्याला तोच माल विकायचा असायचा.

शंकेखोर: प्रश्न विचारायची सोय झाली, मान्य. पण हातकामातलं पुष्कळसं ज्ञान प्रश्नोत्तरांत मावतच नाही. चांदीचा सांधा जोडताना स्टर्लिंग चांदी साधारण ८९० अंश सेल्सिअसला पूर्ण वितळते, आणि कडक डाख तिच्या शंभरेक अंश आधी वाहतो. सगळं कसब त्या शंभर अंशांत असतं. कारागीर तापमापक लावत नाही. टाकणखार फुगून मग काचेसारखा होतो, धातूला अंधूक लाली येते, डाख एकदम चमकून सांध्यात पळतो, आणि त्या क्षणी ज्योत बाजूला न्यावी लागते. कॅमेरा ही लाली बदलून दाखवतो, कारण उजेड कमीजास्त करणं हेच त्याचं काम. नरहरी सोनारांची कथा आठवा. शिवभक्त असल्यानं विठ्ठलाचं मुख बघायचं नाही, म्हणून त्यांनी विठ्ठलासाठी दुसऱ्यानं आणलेल्या मापावर करगोटा केला. तो एकदा तोकडा झाला, एकदा लांब झाला. शेवटी डोळे बांधून का होईना, देवळात जाऊन हातानं चाचपावं लागलं. संतांनाही परस्पर आलेल्या मापानं जमलं नाही, ते पडद्यावरच्या चित्रफितीनं आपल्याला कसं जमेल? आणि इथे प्रश्न नुसत्या बसण्या-न बसण्याचा नाही. रेझिनचं काम हातमोज्यांशिवाय, बंद खोलीत करायला लावणाऱ्या चित्रफिती किती आहेत! एकदा त्वचेला त्याची ॲलर्जी जडली की ती बहुधा जन्माची सोबत करते.

हौशी: नरहरींच्या कथेतून मी नेमकं उलट शिकते. करगोटा चुकला हे नरहरींना कळलं कसं? गिऱ्हाईक परत आलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा आलं, म्हणून. चुकीची बातमी कारागिराच्या दारापर्यंत पोचली. ती पोचवणारी वाट म्हणजे समूह. आता धोक्याचं बोलू. तुम्ही केडीएमचं सोनं ऐकलंय. सांध्यात कॅडमियम वापरायचे म्हणून हे नाव पडलं. कॅडमियम घातलं की डाख कमी उष्णतेला वाहतो, सांधा सफाईदार येतो आणि सोन्याचा कस फारसा उतरत नाही. पण तापताना त्याची वाफ होते, आणि ती फुप्फुसं आणि मूत्रपिंडं यांना घातक असते. पिढीजात विद्या, बसलेला हात, मुरवत नसलेला तराजू हे सगळं असलेल्या बंदिस्त कामाच्या जागांमध्ये माणसं ती वाफ वर्षानुवर्षं ओढत राहिली. गुरुमुखातून विद्या येते तशी गुरूची चूकही तितक्याच श्रद्धेनं येते. उघड्यावर बोललं तर चूक निदान पकडली जाते. १९९६ साली हनुमान ॲस्पलर आणि चार्ल्स ल्यूटन-ब्रेन यांनी इंटरनेटवर ‘गॅनोक्सिन’ सुरू केलं, ते धातुकाम करणाऱ्यांचं ज्ञान सगळ्यांना मिळावं म्हणून. याच ल्यूटन-ब्रेननं १९८० च्या दशकात फोल्डफॉर्मिंगची रीत विकसित केली होती. पत्रा दुमडायचा, ठोकायचा, तापवून मऊ करायचा आणि पुन्हा उलगडायचा. ही रीत त्यानं कुलूपबंद ठेवली नाही, शिकवत गेला. ती जगभर पसरली, आणि तिच्यावर नाव मात्र त्याचंच राहिलं.

शंकेखोर: चांगलं उदाहरण दिलंत, पण त्यात तुमचाच मुद्दा अडकतो. तिथे शिकवणारा माणूस नावानिशी उभा होता, आपल्या शब्दाला जबाबदार होता. मला खरी शंका आहे ती जबाबदारीचीच. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. दुसऱ्या शतकातला. त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीरसंघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दरानं, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च चालवायचा. हा करार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला. कारागिरांचा समूह म्हणजे काय, याची मला याहून नेमकी व्याख्या सापडलेली नाही. ज्याच्याकडे कायमची ठेव ठेवता येते तो समूह. आज तुमच्या कुठल्या समूहाकडे कुणी पाचशे रुपये तरी ठेवेल? चालवणारीचं लग्न झालं, नोकरी बदलली, ॲपनं नियम बदलला की समूह विरून जातो, आणि पाच वर्षांची शिकवणी त्याच्यासोबत जाते. जिथे पैसा आहे तिथे मालक दुसराच असतो. एट्सीनं २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रत्येक विक्रीवरचा आकार पाच टक्क्यांवरून साडेसहा टक्के केला. ‘आपला समुदाय’ म्हणवल्या जाणाऱ्या कारागिरांना त्यात मत नव्हतं.

हौशी: मत नव्हतं, पण त्यांनी ते घेतलं. त्याच महिन्यात ११ ते १८ तारखेपर्यंत अनेक विक्रेत्यांनी आपली दुकानं बंद ठेवली. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी आठवडाभर कमाई सोडली. आकार कमी झाला नाही, हे मी लपवत नाही. पण त्यातून बाजार वेगळा आणि समूह वेगळा हे दिसलं. मालक बाजाराचा असतो, समूहाचा नसतो. आणि श्रेणीची ठेव सुरक्षित का होती, याचाही विचार करा. कारण श्रेणी बंदिस्त होती. कोण आत, कोण बाहेर हे पक्कं होतं. बाहेरच्याला आत येणं अवघड म्हणून आतल्याला पळणं अवघड. विश्वास आणि वगळणं ही तिथे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या. तुम्ही मला श्रेणीचा भरवसा दाखवता, तेव्हा श्रेणीचा उंबरठाही दाखवा. मला उंबरठा नको आहे. पण उंबरठा नसलेल्या घरात ठेव कशी सांभाळायची, याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, हे मी मान्य करते.

शंकेखोर: तुम्ही प्रामाणिकपणे बोललात, म्हणून सगळ्यात बोचरा मुद्दा आता मांडतो. असा समूह देवाणघेवाणीवर चालतो, आणि देणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. आपल्या २००० सालच्या डिझाइन कायद्यानं दागिन्याच्या आकाराला दहा वर्षं आणि पुढे वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण मिळू शकतं. अट अशी की अर्ज करण्यापूर्वी तो आकार जाहीर झालेला नसावा. म्हणजे ज्या क्षणी कारागीर उत्साहानं नवं पदक सगळ्यांसमोर ठेवतो, त्याच क्षणी बहुधा त्याचा हक्क जातो. नोंदणी न केलेल्या डिझाइनला कॉपीराइटचा आधार घ्यावा, तर ती मालकानं किंवा त्याच्या परवानगीनं दुसऱ्यानं औद्योगिक रीतीनं पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली की तोही संपतो. तेव्हा समूह सांगतो ‘दाखव’ आणि पोट सांगतं ‘झाक’. नोकरीवाली, घरात दुसरा पगार असलेली बाई मोकळेपणानं दाखवू शकते. ज्याची चूल याच कामावर पेटते, तो गप्प बसतो आणि मग ‘हा माणूस मोकळा नाही’ म्हणून बाजूला पडतो. त्याहून वाईट भावाचं. हौसेखातर करणारी मण्यांची किंमत तेवढी लावते, घडणावळ धरत नाही, कारण तिचा वेळ आनंदाचा होता. तीन तासांचं काम दीडशे रुपयांना जातं. पुढचं गिऱ्हाईक पटवेकऱ्याला विचारतं, ‘तुम्ही एवढे का घेता?’ तुमची आपुलकी ज्याच्या जिवावर चालते, तो माणूस त्या आपुलकीच्या वर्तुळातच नसतो.

हौशी: इथे मी अडते. खरं तर मी हुपरीच्या बायकांचं नाव घेऊन सुरुवात केली, आणि त्या बायका अशा समूहांत किती असतील? फोन त्यांच्याकडेही आहे. पण दिवसभर घुंगरू जोडणाऱ्या बाईला संध्याकाळी घुंगरांचे फोटो बघायची हौस कशी राहील? दार उघडं आहे असं मी म्हणत होते, तरी ते उघडतं फक्त ज्यांना रिकामा वेळ आहे त्यांच्याकडे, हे मला आता दिसतं. म्हणून मी माझी बाजू सोडत नाही, पण तिच्यावर अटी घालते. घडणावळ धरल्याशिवाय भाव सांगायचा नाही, हा समूहाचा पहिला नियम असावा. काय विकत आणलं आणि काय हातानं केलं, हे दोन ओळींत लिहावं, त्यात कमीपणा मानू नये. पटवेकऱ्याला किंवा हुपरीच्या कारागिराला बोलावलं तर पाहुणा म्हणून टाळ्या देऊन परत पाठवू नये, शिकवण्याचे पैसे द्यावेत. आणि जी ‘चूक सांगा’ म्हणेल तिला चूक सांगावी. तुम्ही कान टोचण्याबद्दल बोललात. म्हण नीट वाचली तर सोनारानं टोचलेलं सहन होतं याचं कारण त्याचा हात हलका असतो, आणि त्याच्याजवळ घालायला बाळीही तयार असते. नुसतं भोक पाडून निघून जाणारा टीकाकार आणि नुसतं ‘सुंदर’ म्हणणारी मैत्रीण, दोघंही बाळी देत नाहीत.

शंकेखोर: बाळीचं म्हणणं मला पटलं. मीही थोडा सरकतो. टाळ्या वाजवणाऱ्या समूहातून कारागीर घडत नाही, एवढंच मी सुरुवातीला म्हणालो, ते तोकडं होतं. त्या टाळ्यांनी कित्येकींना पहिल्यांदा पक्कड हातात घ्यायचं धाडस दिलं, आणि ते धाडस तराजूनं कधी दिलं नसतं. पण तुमच्या चारही अटींना एक प्रश्न चिकटून येतो. त्या पाळल्या जातात की नाही, हे बघणार कोण? बघणारा नेमला की परीक्षा आली, परीक्षा आली की कुणी पास, कुणी नापास, आणि उंबरठा पुन्हा उभा राहिला. न नेमला तर अटी भिंतीवरच्या सुविचारासारख्या राहतात. आपलं भांडण उघडं दार हवं की नको यावर आता उरलेलंच नाही. सगळ्यांना आत घेणारी जागा कुणाच्याही कामाची हमी घेऊ शकते का, या प्रश्नापाशी आपण दोघं येऊन थांबलो आहोत. माझं मन अजून ‘नाही’कडे झुकतं.

हौशी: माझं ‘अजून कुणी नीट करून पाहिलेलं नाही’कडे. पण हमी म्हणजे काय, तेही तपासून घेऊ, कारण ज्या हमीवर सगळा देश विसंबतो तिच्यातही एक जागा रिकामी आहे. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून, आधी २५६ जिल्ह्यांत, सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. हा क्रमांक सरकारी बीआयएस केअर ॲपवर टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि सोन्याची शुद्धता समोर येते. तो दागिना ज्या हातानं घडवला, त्या हाताचं नाव त्यात नसतं.